उशिरा परतलेला आवाज

गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी पत्र्याची एक लहानशी डबी ठेवलेली असते. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा पाहायला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल, पण तिच्याकडे लक्ष गेले नसेल. वादक मध्येच बुटाच्या टोकाने तिच्यावरची कळ दाबतो आणि साधी गिटार एकाएकी दरीच्या काठावर वाजवल्यासारखी घुमू लागते. एक सूर वाजतो, क्षणभराने तोच मागून येतो, त्याच्या मागून आणखी एक, थोडा पुसट, थोडा दूर गेलेला. ह्या डबीचे नाव ‘डिले’. डिले म्हणजे उशीर. उशीर विकत घेण्यासाठी माणसे हजारो रुपये मोजतात हे ऐकून माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला गंमत वाटते. आमच्या धंद्यात तो फुकट मिळत असे!

आपल्या भद्रावतीकरांना प्रतिध्वनी काही नवा नाही. विजासनच्या टेकडीत, सरळ आत कोरत नेलेल्या लेण्यात उभे राहून लहानपणी हाक मारली नाही असा माणूस इथे विरळाच. आतल्या अंधारातून आपलीच हाक आपल्याला भेटायला येते. मात्र ती कधी यावी, किती वेळा यावी आणि कुठे विरून जावी, हे दगड ठरवतो. हा अधिकार माणसाच्या हाती घेऊन त्याचे गाणे करता येते, हे ज्यांना पुरते उमगले होते त्यांत एक नाव ठळक आहे. ते म्हणजे राहुल देव बर्मन. घराघरांतले आर. डी., आणि वादकांचे पंचम.

27 जून 1939 रोजी कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. वडील सचिन देव बर्मन त्रिपुराच्या राजघराण्यातले, आणि हिंदी चित्रपटसंगीतातला तर वेगळाच राजा. घरात लोकगीते होती, रागदारी होती. मुलाने सरोद शिकावा म्हणून त्याला अली अकबर खाँसाहेबांकडे धाडण्यात आले, तबल्यासाठी पंडित सामताप्रसादांकडे. पण पोराच्या खिशात असायचा माऊथ ऑर्गन. 1958 सालच्या ‘सोलवा साल’मध्ये देव आनंद रेल्वेच्या डब्यात गातो त्या गाण्यातला माऊथ ऑर्गन ह्याच पोराचा. वडिलांच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. कुठल्या वाद्याने कुठल्या ओळीला हात द्यायचा, हे ते तिथे शिकले.

स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिला चित्रपट मिळाला तो मेहमूदचा ‘छोटे नवाब’, 1961 साली. नाव झाले ते 1966 सालच्या ‘तीसरी मंझिल’ने. मग मात्र दशकभर रेडिओ त्यांचाच होता. 1968 चा ‘पडोसन’, 1971 चा ‘कारवाँ’, 1972 चा ‘अमर प्रेम’. ‘अमर प्रेम’ ऐकणाऱ्याला ‘कारवाँ’ त्याच माणसाचा आहे हे पटणार नाही, इतकी दोन्ही टोके त्यांच्या एका मुठीत होती. 1971 च्या ‘हरे राम हरे कृष्ण’मधल्या गाजलेल्या गाण्याची सुरुवात गिटारवर आहे, आणि ती गिटार वाजवणारे होते भूपिंदर सिंग, जे पुढे गायक म्हणून आपल्या ओळखीचे झाले. त्या काळच्या वडीलधाऱ्यांनी ते गाणे ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. पोरांनी मात्र पानठेल्यावरच्या रेडिओभोवती गर्दी केली.

पंचम आवाज शोधत हिंडत. ‘यादों की बारात’मध्ये काचेच्या पेल्यावर चमचा वाजतो आणि एका ओळीचे गाणे जन्मभर लक्षात राहते. ‘शोले’च्या वाळवंटी नाचाआधी रिकाम्या बाटल्यांच्या तोंडाशी फुंकर घातली जाते. घरच्या ओट्यावर रोज खणखणणाऱ्या वस्तूच त्या, पण त्यांचा सूर ऐकणारा कान त्यांच्याकडे होता. अशा माणसाला सत्तरच्या दशकात परदेशांतून येऊ लागलेल्या इलेक्ट्रॉनिक डब्यांची भूल पडली नसती तरच नवल.

त्या डब्यांच्या पोटात काय होते, ते समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी आवाज उशिरा ऐकवायचा तर तो चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रित करून पुढच्या हेडवरून वाचावा लागे. यंत्र अवजड, फीत झिजणारी. 1969 साली हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर ह्या दोघांनी वेगळीच युक्ती काढली. आपल्याकडे खळ्यावर धानाच्या पुंजण्याला आग लागली की गाव काय करते? विहिरीपासून खळ्यापर्यंत माणसांची रांग लागते आणि बादली ह्या हातातून त्या हातात जाते. माणूस जागचा हलत नाही, पाणी मात्र पोहोचते. ह्या दोघांनी विजेची अशीच रांग केली. आवाजाचा एकेक कण विद्युतभार म्हणून पहिल्या बादलीत ओतायचा, घड्याळाच्या ठोक्यासरशी दुसरीत, मग तिसरीत. शेवटच्या बादलीतून तो बाहेर पडेपर्यंत जो वेळ गेला, तोच उशीर. ह्या युक्तीला नावही ‘बकेट ब्रिगेड’ असेच पडले. पुढे जपानी कारखान्यांनी नखाएवढ्या चिपमध्ये 4,096 बादल्या बसवल्या. सेकंदाला 10,000 ठोके दिले की आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका मागे राहू लागला.

आता बादली हातोहात नेताना थोडे पाणी सांडणारच. इथेही तसेच होते. प्रत्येक फेरीत आवाजाची धार थोडी बोथट होते, वरचे चमचमते सूर गळतात, खाली एक उबदार, मऊ सावली उरते. इंजिनियरच्या दृष्टीने हा दोष. पण आठवणीचेही असेच असते ना? ती येते तेव्हा कडा घासून येते. म्हणूनच नंतर डिजिटल यंत्रांनी सूर जसाच्या तसा परत द्यायला सुरुवात केली, तरी गिटारवाले त्या सांडणाऱ्या बादल्यांकडे पुन्हा वळले. आजच्या डब्यांत तडजोड आहे. आवाज जुन्याच रांगेतून जातो. ठोके मात्र संगणकाची चिमुकली चिप देते. किती उशीर, किती आवर्तने, हे सारे ती लक्षात ठेवते आणि कळ दाबताच काल बसवलेला हिशेब आज जसाच्या तसा मांडते.

पंचमच्या काळात ही सोय नव्हती. कळ फिरवायची, कान द्यायचा, पुन्हा फिरवायची. 1977 साली गुलजारांचा ‘किताब’ आला. बहिणीच्या घरातून पळालेला एक मुलगा आईकडे निघाला आहे, आणि वाटेत रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर त्याच्या धन्नोचे गाणे गातो. ते पंचमनी स्वतःच्याच खरखरीत आवाजात गायले. त्या गाण्यात त्यांनी ‘फ्लँजर’ नावाचे यंत्र वापरले. फ्लँजर म्हणजे डिलेचाच धाकटा भाऊ. त्यातला उशीर इतका थोडा, सेकंदाच्या काही हजारांश भागांचा, की प्रतिध्वनी वेगळा ऐकूच येत नाही. सूर आणि त्याची सावली एकमेकांत मिसळतात, आणि उशीर सतत कमीजास्त होत राहिल्याने आवाज गिरकी घेत जवळ येतो, दूर जातो. भांदक स्टेशनच्या फलाटावर उभे राहून कोळशाची लांबलचक मालगाडी समोरून जाऊ द्या. तिचा धडधडाट येताना एक असतो आणि जाताना दुसरा. गाणे गाडीचे, गाणारा ड्रायव्हर, आणि यंत्रही असे निवडलेले की आवाजालाच चाके फुटावीत. नवे खेळणे हाती आले म्हणून कुठेही वाजवले, असा प्रकार नाही. खेळण्याने आपल्या गाण्याची वाट पाहिली.

पण पंचमची खरी साखळी होती माणसांची. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये त्यांची ध्वनिमुद्रणे होत, तेव्हा तिथे सगळा हिंदुस्थान बसलेला असे. सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग, चेलोवाले बासू चक्रवर्ती आणि आपले मराठी तबलावादक मारुतीराव कीर हे त्यांचे तीन सहायक. मादल वाजवणारे रणजित गझमेर नेपाळी भाषक, ड्रमवर फ्रँको वाझ, गिटारवर भानू गुप्ता. एकाने सुचवावे, दुसऱ्याने झेलावे, तिसऱ्याने पुढे न्यावे. आणि गाण्याच्या टोकाला आशा भोसले. हा सूर 1980 साली संसारातही जुळला.

मग ऐंशीचे दशक आले. ‘सनम तेरी कसम’ने 1983 साली पहिले फिल्मफेअर मिळाले, पाठोपाठ ‘मासूम’ने दुसरे. पण चित्रपट पडू लागले. त्याच सुमारास सिंथेसायझर आणि तालयंत्रे स्टुडिओत ठाण मांडून बसली. साठ जणांच्या जागी एक माणूस आणि एक कीबोर्ड. खर्च कमी, वेळ कमी. व्हायोलिनवाले, ढोलकवाले घरी बसू लागले. बँकेत लेजरची यंत्रे आली तेव्हाची चलबिचल मी जवळून पाहिली आहे. टोटल जुळवण्यात आयुष्य गेलेली माणसे त्या पडद्याकडे परक्या पाहुण्याकडे पाहावे तशी पाहत. आमच्या नोकऱ्या तरी टिकल्या. वादकाला तर रोजच्या रेकॉर्डिंगचेच पैसे, काम नाही तर काहीच नाही.

ह्यातला कडवटपणा असा की, यंत्राला दार उघडून आत घेणाऱ्यांत पंचम पुढे होते आणि यंत्रयुग स्थिरावले तेव्हा तेच दाराबाहेर राहिले. त्यांनी यंत्र आणले ते साठ माणसांच्या रांगेत एकसष्टावे म्हणून. बाजाराला ते साठांच्या ऐवजी हवे होते. ज्या नासिर हुसेन ह्यांच्या संस्थेशी ‘तीसरी मंझिल’पासून नाते होते, तिचा 1988 चा ‘कयामत से कयामत तक’ दुसऱ्या संगीतकारांकडे गेला. त्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आला, पुढे लंडनमध्ये बायपास झाली. दिवसरात्र गजबजलेल्या माणसाचा टेलिफोन वाजेनासा झाला.

त्या पडत्या काळातही, 1987 साली, गुलजारांच्या ‘इजाजत’ची गाणी झाली. त्यातल्या एका गाण्याने आशाताईंना आणि गुलजारांना राष्ट्रीय पुरस्कार दिला. मला मात्र त्यातले ‘कतरा कतरा’ जास्त जवळचे वाटते. तिथे आशाताईंचा आवाज दोन वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित केलेला आहे. एक आशा ओळ संपवत असते, तोवर दुसरी आशा तिच्यावर हलकेच पाऊल टाकते. हा डबीतला प्रतिध्वनी नव्हे. गायिकेने स्वतःलाच दिलेले उत्तर आहे. उशीर हा केवळ ‘इफेक्ट’ नसून मनाचा स्वभाव आहे, हे पंचमनी इथे यंत्राच्या पलीकडे जाऊन सांगितले.

विधू विनोद चोप्रा ह्यांनी ‘परिंदा’नंतर ‘1942: अ लव्ह स्टोरी’ त्यांच्याकडे सोपवला. पंचमनी चाली बांधल्या, गाणी पुरी केली आणि 4 जानेवारी 1994 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे 54. चित्रपट जुलैत लागला. त्यांना विसरून गेलेल्या देशाने त्या उन्हापावसात त्यांचीच गाणी म्हटली. 1995 साली तिसरे फिल्मफेअर मिळाले, ते घ्यायला ते नव्हते. त्याच वर्षी नव्या प्रतिभेसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मानकरी ठरला संगणकावर स्वरांचे महाल उभारणारा ए. आर. रहमान. तोपर्यंत मुलखातल्या सगळ्या ऑर्केस्ट्रांचा निम्मा कार्यक्रम पंचमच्याच गाण्यांचा होऊ लागला होता.

आज आयुध निर्माणीच्या वसाहतीतला एखादा मुलगा हप्त्यावर गिटार घेतो, मग पायाखालची डबीही मागवतो. घरचे विचारतात, एवढ्याशा डबीला एवढे पैसे? रास्त प्रश्न आहे. डबी घेऊन द्यायला हरकत नाही. पण त्याआधी त्याला एक काम सांगावे. रविवारची दुपार आहे, पंखा चालू आहे, जेवणे आटोपली आहेत. ‘इजाजत’मधले ते गाणे लावावे, कानाला हेडफोन द्यावा आणि त्यातल्या दोन आशा मोजायला सांगाव्यात. पहिली कुठे थांबते आणि दुसरी नेमकी कधी निघते, एवढेच ऐकायचे. तेवढे त्याला सापडले की डबीवरची कळ कुठवर फिरवायची, हे कुणी शिकवावे लागणार नाही.