कॅरोलिनची पोटगी

पोटगीच्या तारखेला बायकांसोबत मी बरेचदा कोर्टात जाते. हुकूम हातात पडतो, बाई पेढे वाटते आणि दोन महिन्यांनी रडत माझ्या दारात उभी राहते. पैसे आलेच नाहीत! अशा वेळी मला हमखास कॅरोलिन नॉर्टन आठवते.

ही 1808 साली लंडनमध्ये जन्मलेली. नाटककार शेरिडन यांची नात. 1827 मध्ये जॉर्ज नॉर्टन या वकिलाशी तिचं लग्न झालं. नवरा मारकुटा. कॅरोलिन कविता-कादंबऱ्या लिहून घर चालवायची, पण तिथल्या कायद्याने तिची कमाईसुद्धा नवऱ्याचीच!

1836 मध्ये नवऱ्याने तिन्ही मुलगे तिच्यापासून तोडले. वर पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्याशी तिचं नाव जोडून खटला भरला. खटला तो हरला, तरी मुलं काही तिला मिळाली नाहीत. त्या काळी मुलांवर हक्क फक्त बापाचा.

कॅरोलिन गप्प बसली नाही. तिने पत्रकं छापली, खासदारांना गाठलं. 1839 मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि मोठ्या मुलांची भेट आई कोर्टाकडे मागू शकू लागली. पण नवऱ्याने मुलं स्कॉटलंडला धाडली होती आणि तिथे हा कायदा चालत नव्हता. 1842 मध्ये धाकटा विल्यम तट्टावरून पडला. आई पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढे नवऱ्याने तिला ठरावीक रक्कम द्यायचं लिहून दिलं आणि नंतर हात आखडता घेतला. 1853 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा नवरा-बायकोमधला करार कायद्यात बसत नाही असं निघालं. तिने पुन्हा लेखणी उचलली, थेट राणीला उद्देशून लिहिलं. 1857 च्या कायद्याने टाकून दिलेल्या बाईची कमाई तिची राहू लागली. 1877 मध्ये कॅरोलिन गेली.

त्याच देशात 1993 मध्ये मुलांच्या खर्चाची वसुली करणारं सरकारी खातं निघालं. 2012 पासून ते काम नव्या खात्याकडे आलं. पैसे न देणाऱ्या पालकाच्या पगारातून ते परस्पर रक्कम कापून घेऊ शकतं.

आपल्याकडे असं खातं नाही, पण कायदा आहे. पूर्वीचं कलम 125 हे 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं. त्यात मुलांसाठीही पोटगी मागता येते. नवऱ्याने हुकूम मोडला तर वसुलीचं वॉरंट निघतं, तुरुंगही होऊ शकतो. मात्र थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. इथेच आपल्या बायका चुकतात, आज देईल, उद्या देईल म्हणत वाट बघत बसतात.

वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. कॅरोलिनला आधी कायदा घडवावा लागला. आपल्याला फक्त वेळेवर अर्ज करायचाय. तेवढं तरी करूया ना!