मेकन कौंटीचा भूमिसेवक : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अलाबामा संस्थानात मेकन नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा विभाग होय. १९३० साली तिची लोकसंख्या सुमारे २७,००० असून त्यांत शेकडा ८२ लोक कृष्णवर्णी होते, म्हणजे पूर्वीच्या दासांची मुले व नातवंडे. दास्य १८६५ साली कायद्याने संपले; परंतु जमीन जुन्या धन्यांकडेच राहिली. जमीन, खेचर व बी धन्याचे आणि श्रम कुळाचे, असा अर्धेलीचा व्यवहार चाले. वर्षभराचे पीठमीठ उधारीवर मिळे. कापूस वेचून झाला की अर्धा धनी नेई, व उरलेल्या अर्ध्यातून उधारी व्याजासह वळती होई. हिशेबाची वही धन्याच्या हाती असे आणि कुळास बहुधा वाचता येत नसे. ह्या कौंटीत ज्या पुरुषाने आयुष्याची ४७ वर्षे वेचली, त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' ह्या १९८१ सालच्या पुस्तकामुळे त्याचे नाव महाराष्ट्रात पुष्कळांस ठाऊक आहे; परंतु ज्या गावकऱ्यांसाठी तो झिजला, त्यांचा वृत्तांतही ऐकण्याजोगा आहे.

जॉर्ज यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी संस्थानात, मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या घरी दासीच्या पोटी झाला. तान्हे असतानाच लुटारूंनी त्यांस आईसह पळविले. मूल परत मिळाले व त्याबद्दल मोझेसने एक घोडा बक्षीस दिला. आईचा मात्र पुन्हा पत्ता लागला नाही. मोझेस व त्याची पत्नी सुसान यांनीच त्यांस वाढविले. मूल अशक्त असल्यामुळे शेतातील जड कामाऐवजी घरातील शिवणकाम, धुणे व बागेची निगा हीच त्याच्या वाट्यास आली. त्यामुळे झाडाझुडपांचे वेड त्यांस लहानपणीच लागले.

गावच्या शाळेत कृष्णवर्णी मुलांस प्रवेश नव्हता, म्हणून ते निओशो गावी गेले. तेथे मरायाह वॉटकिन्स ह्या धर्मशील बाईंनी त्यांस आसरा दिला. त्यांनी दिलेले पवित्र शास्त्र जॉर्ज यांनी जन्मभर जपले. पुढे कॅन्सस संस्थानातील एका महाविद्यालयाने त्यांस पत्राने प्रवेश दिला. परंतु ते दारात उभे राहताच त्यांचा वर्ण पाहून परत पाठविले. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून व शेती करून त्यांनी दिवस काढले. १८९० साली आयोवातील सिम्प्सन कॉलेजात त्यांस प्रवेश मिळाला. ते उत्तम चित्रकार होते. तथापि चित्रकलेच्या शिक्षिकेनेच त्यांस शेतकीशास्त्राकडे वळविले. आयोवाच्या शेतकी महाविद्यालयातून ते १८९४ साली पदवीधर झाले व १८९६ साली त्यांनी वरची पदवी घेतली.

त्याच वर्षी बुकर वॉशिंग्टन यांनी त्यांस मेकन कौंटीतील टस्कीगी विद्यालयात बोलाविले. आयोवात मान होता, साधने होती. टस्कीगीत प्रयोगशाळाही नव्हती. कार्व्हर यांनी उकिरड्यावरच्या बाटल्या व फुटकी भांडी जमवून कामास आरंभ केला, असे सांगतात. प्रयोगासाठी मिळालेली जमीन धुपून गेलेली होती. वर्षानुवर्षे कापूस घेऊन तिचा कस गेला होता. चवळी, भुईमूग यांसारखी शेंगांची पिके हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवितात व जमिनीस पुन्हा बळ देतात, हे शास्त्र त्यांनी त्याच जमिनीवर करून दाखविले. विकतच्या खताऐवजी पालापाचोळा व दलदलीतील गाळ कुजवून घालण्यास ते सांगत, कारण कर्जात बुडालेल्या माणसास विकतचे खत परवडणारे नव्हते.

हे ज्ञान वर्गात कोंडून न ठेवता त्यांनी शेताच्या बांधावर नेले. १८९८ सालापासून ते सोप्या भाषेत पत्रके काढू लागले. ओकच्या झाडाखाली पडलेली फळे जनावरांस कशी चारावी, ही पहिल्या पत्रकाची गोष्ट. १९१६ च्या प्रसिद्ध पत्रकात भुईमुगाची लागवड व त्याचे १०५ खाद्यप्रकार दिले आहेत. १९०६ साली घोड्यांची एक गाडी अवजारे व बियाणे घेऊन खेडोपाडी फिरू लागली, व थॉमस कॅम्पबेल हे तिचे चालक-शिक्षक झाले. १९२३ साली अलाबामातील कृष्णवर्णी शेतकऱ्यांच्या वर्गणीतून नवी मोटारगाडी आली. तीत शेतकी शिक्षकाबरोबर गृहशिक्षिका व परिचारिकाही असत. ती गाडी एखाद्या झोपडीपाशी थांबे, शेजारीपाजारी जमत, आणि त्याच घराची डागडुजी, परसबाग व कोंबड्यांचे खुराडे सर्वांच्या हातांनी उभे राही. गावच्या टेकडीतील रंगीत मातीने भिंती कशा रंगवाव्या, हेही कार्व्हर यांनीच शिकविले होते.

पहिले महायुद्ध संपल्यावर कौंटीवर एकामागून एक संकटे आली. बोंडे पोखरणारा सोंड्या भुंगेरा १९१० साली अलाबामात शिरला होता. त्याने उभी पिके फस्त केली. १९१९ साली पौंडास सुमारे ३५ सेंट असलेला कापसाचा भाव १९३१ साली ६ सेंटांच्या आसपास आला. झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूसच पेरल्यामुळे भाजीपाल्यास जागा नव्हती. मक्याचे पीठ, खारविलेली चरबी व काकवी एवढ्यावर जगणाऱ्या लोकांत पेलाग्रा नावाचा रोग दक्षिणेत सर्वत्र फैलावला. त्याचे मूळ निकस आहारात आहे, हे डॉ. गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले. कार्व्हर मात्र आधीपासून परसात भाजी, चवळी, रताळी व भुईमूग लावा म्हणून दारोदार सांगत आले होते.

त्यांची कीर्ती ह्याच काळात पसरली. १९२१ साली वॉशिंग्टन येथे प्रतिनिधिसभेच्या एका समितीपुढे भुईमुगावरील जकातीविषयी बोलण्यास त्यांस दहा मिनिटे दिली होती. काहींनी आरंभी चेष्टाही केली. परंतु भुईमुगापासून केलेले पदार्थ पाहताना समितीने त्यांची वेळ वारंवार वाढविली. १९२४ साली न्यूयॉर्क येथील एका मंदिरात, आपल्या शोधांस देवाची प्रेरणा कारण आहे, असे ते बोलले, तेव्हा एका मोठ्या वर्तमानपत्राने शास्त्रज्ञास हे शोभत नाही अशी टीका केली. त्यांचे मन दुखावले, तरी त्यांनी आपला विश्वास लपविला नाही. विद्यालयातील तरुणांसाठी त्यांनी चालविलेला रविवारचा शास्त्रवर्ग वर्षानुवर्षे चालू राहिला.

त्यांची स्तुती करताना सत्याची मर्यादा सोडू नये. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधिले, ही समजूत खरी नाही. त्यांच्या शेकडो पदार्थांपैकी बाजारात फारच थोडे टिकले. कारभारात ते कच्चे होते, व कोंबड्यांच्या खात्यावरून बुकर वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे खटके उडत. १९३३ साली भुईमुगाच्या तेलाने पोलिओ बरा होतो अशी बातमी पसरून रोग्यांची रीघ लागली. पुढे गुण तेलाचा नसून चोळण्याचा होता असे दिसून आले. त्यांच्या शिकवणुकीने पुष्कळ चुलींवर अन्न शिजले. परंतु धन्याची वही बदलली नाही. जमीन ज्याची नाही तो तिचा कस वाढविण्यास किती झटणार? १९३४ साली समाजशास्त्रज्ञ चार्ल्स जॉन्सन यांनी ह्या कौंटीतील ६१२ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. दास्य जाऊनही मळ्याची सावली कशी उरली आहे, ते तीत स्पष्ट दिसते.

त्याच कौंटीत १९३२ साली एक घोर अन्याय सुरू झाला. सरकारी आरोग्यखात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णी पुरुष निवडले. त्यांपैकी ३९९ जणांस उपदंश होता. त्यांचे रक्त दूषित आहे एवढेच त्यांस सांगण्यात आले, आणि खरा उपचार न देता रोग कसा वाढतो हे पाहण्यात आले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय ठरला, तरी तो त्यांस दिला नाही. १९७२ साली ही गोष्ट उघडकीस आली, व १९९७ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. दाराशी येणाऱ्या शिकलेल्या माणसावर ह्या लोकांनी विश्वास ठेवला होता. कार्व्हर व कॅम्पबेल यांच्यासारख्यांनी जो विश्वास पिढीभर श्रमून मिळविला, त्याच विश्वासाचा दुसऱ्यांनी असा घात केला.

कार्व्हर अविवाहित राहिले. जुना कोट, त्यावर ताजे फूल, पहाटे रानात फेरी, असा त्यांचा नेम होता. पगार वाढवून मागण्याचा विचार त्यांच्या मनात क्वचितच येई. आयुष्याची पुंजी, सुमारे ६०,००० डॉलर, त्यांनी संशोधनाच्या निधीस दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते निवर्तले, व टस्कीगीत बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली.

वाचकहो, विशेषतः गावोगाव फिरणारे उपदेशक बंधू, ह्या चरित्रातून दोन गोष्टी ध्यानी धराव्या. ज्ञान गरिबाच्या दाराशी न्यावयाचे तर ते त्याच्या ऐपतीचे असावे. जवळ पैसा नाही त्यास पालापाचोळ्याचे खत शिकवावे. आणि ज्याने आपणांस विश्वासाने घरात घेतले, त्यास खरे तेच सांगावे, मग ते औषधाविषयी असो, कर्जाच्या वहीविषयी असो वा आत्म्याविषयी असो. धुपलेली जमीन चवळीने काही वर्षांत सुधारते. फसविल्या गेलेल्या माणसाचे मन सुधारण्यास मात्र पिढ्या लागतात.