पाषाणाच्या अंतरंगांत डोकावणारा हेन्री सॉर्बी

काळा पाषाण आपणांस एकजीव व एकरंगी भासतो. परंतु त्याची केसाहून पातळ चकती सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविली, तर फेल्डस्पार, पायरॉक्सीन व लोहखनिज यांचे कण एकमेकांत गुंतलेले स्पष्ट दिसतात. पाषाणाकडे या रीतीनें पाहण्यास ज्यानें जगास शिकविलें, तो हेन्री क्लिफ्टन सॉर्बी ता. १० मे १८२६ रोजीं इंग्लंडांत शेफील्डनजीक जन्मला.

घराणें हत्यारांच्या धंद्यांतलें. १८४७ सालीं वडील वारले व पोटापुरती मिळकत हातीं आली. तेव्हां नोकरीच्या मागें न लागतां, विद्यापीठाची पायरीहि न चढतां, त्यानें घरींच प्रयोगशाळा थाटली. विल्यमसन नांवाचे एक डॉक्टर अस्थींच्या पातळ चकत्या करीत असत; ती युक्ति यानें दगडास लाविली. दगड घासघासून इंचाचा एक सहस्रांश इतका पातळ करावयाचा, हें हातास रग आणणारें काम! पर्वताची परीक्षा भिंगानें करणारा म्हणून पंडितांनीं त्याची चेष्टा केली. त्यानें घासणें सोडलें नाहीं.

फ्रान्समध्यें देलेस नांवाच्या भूशास्त्रज्ञानें १८४७ सालींच दाखविलें होतें कीं, कापलेल्या पृष्ठाचा जितका अंश एखादें खनिज व्यापितें, तितकाच अंश तें खडकाच्या घनफळांत व्यापितें. खनिजांच्या आकृति कथिलाच्या वर्खावर उतरवून, कापून, तो चक्क तराजूंत तोलीत असे.

१८६३ सालीं सॉर्बीनें आपल्याच गांवचें पोलाद आरशासारखें घोटलें व त्यावर सौम्य आम्ल लाविलें. आंतील कणांच्या सीमा उमटल्या. तरी कारखानदारांनीं सुमारें वीस वर्षें तिकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. पुढें अधिक प्रखर भिंगाखालीं त्यास मऊ लोखंड व कठीण द्रव्य यांचे एकाआड एक थर दिसले. मोत्यासारख्या झळाळीवरून त्या रचनेस पर्लाइट हें नांव पडलें.

हीच दृष्टि मागाहून प्लास्टिकच्या मिश्रणांस लागली. दोन प्लास्टिकें बहुधा एकमेकांत विरघळत नाहींत. एकाचे थेंब दुसऱ्यांत विखुरतात. ठिसूळ पॉलिस्टायरीनमध्यें रबराचे सूक्ष्म कण बसविले म्हणजे तें आघात सोसूं लागतें. मात्र ते कण फार मोठे किंवा फार बारीक असून चालत नाहीं. म्हणून पातळ काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचें आकारमान व प्रमाण मोजतात. क्षेत्रावरून घनफळ काढण्याचा नियम मात्र देलेसचाच.

सॉर्बी अविवाहित राहिला. मातेच्या निधनानंतर त्यानें ग्लिम्प्स नांवाची नौका घेतली, आणि उन्हाळ्यांत खाड्यांतील गाळ व जलजीव पाहत तो फिरत असे. ता. ९ मार्च १९०८ रोजीं शेफील्ड येथें त्याचें देहावसान झालें. तेथील विद्यापीठांत भूशास्त्राचें एक अध्यासन त्यानें ठेविलेल्या द्रव्यांतून स्थापन झालें.