पाथरवटांच्या बधिर बोटांची दखल घेणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळ दारासुरम येथे बाराव्या शतकातील ऐरावतेश्वर मंदिर आहे. दुसऱ्या राजराज चोळाच्या काळात उभारलेल्या या मंदिराचा २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पुढे तंजावरच्या भोसले घराण्याच्या अमलाखाली आलेला हा परिसर मराठी वाचकांनाही परका नाही. येथील कठीण पाषाणातील कोरीवकाम छिन्नी आणि हातोड्याने झाले. जवळच्या स्वामिमलई गावात ओतीव धातुमूर्तींवर आजही छिन्नी आणि कानस चालवून अखेरचा हात फिरवला जातो. अशा कामात प्रत्येक घाव कारागिराच्या स्वतःच्या बळाचा आणि त्याच्या मर्जीचा असतो. यंत्राच्या हातोड्याचे तसे नसते. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा मिनिटाला हजारो ठोके देतो आणि त्याची कंपने छिन्नीवाटे थेट बोटांत उतरतात.

या कंपनांचा पाथरवटांच्या हातांवर कोणता परिणाम होतो, याचा अमेरिकेतील पहिला महत्त्वाचा अभ्यास १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन या व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक मानल्या जातात.

हॅमिल्टन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे एका सुसंस्कृत कुटुंबात त्या वाढल्या. ग्रीक संस्कृतीच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून नावारूपाला आलेल्या एडिथ हॅमिल्टन या त्यांच्या थोरल्या भगिनी होत. ॲलिस यांनी १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी संपादन केली. त्यानंतर उच्च शिक्षणासाठी त्या जर्मनीत गेल्या. मात्र तेथील विद्यापीठांत स्त्रियांवर अनेक बंधने होती.

१८९७ मध्ये शिकागोतील महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची विकृतिशास्त्राच्या अध्यापिका म्हणून नियुक्ती झाली. त्याच वेळी जेन ॲडम्स यांनी गरीब वस्तीत चालवलेल्या हल हाउस या सेवाकेंद्रात त्या राहू लागल्या. तेथील दोन दशकांहून अधिक काळाच्या वास्तव्यात शेजारच्या कामगार कुटुंबांची दुःखे त्यांनी जवळून पाहिली. कमावता पुरुष ऐन उमेदीत आजारी पडतो आणि आजाराचे मूळ त्याच्या कामात असल्याची नोंद कोठेही होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले.

इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य रोगांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा त्यात हॅमिल्टन यांचा समावेश करण्यात आला. १९१० मध्ये त्यांनी शिसे वापरणाऱ्या उद्योगांची पाहणी हाती घेतली. कारखान्याच्या दप्तरावर विसंबून न राहता त्या रुग्णालयांतील नोंदी तपासत, कामगारांच्या घरी जात आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलत. १९११ मध्ये राज्यात या रोगांविषयीचा कायदा झाला. पुढे केंद्र सरकारच्या कामगार विभागासाठीही त्यांनी विशेष तपासनीस म्हणून काम केले.

याच कामाच्या ओघात इंडियानातील बेडफर्ड येथील चुनखडीच्या दगडकामाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. हवेवर चालणाऱ्या हातोड्याने काम झपाट्याने होत असे. परंतु पाथरवटांची बोटे पांढरीफटक आणि बधिर पडू लागली होती. ऐन हिवाळ्यात, सकाळच्या थंडीत त्यांनी हे हात तपासले. हा हातोडा वापरणाऱ्या, त्यांनी पाहिलेल्या पाथरवटांपैकी सुमारे ८९ टक्के जणांमध्ये हा विकार आढळला. छिन्नी धरणारा डावा हात अधिक बाधित होता. हत्यार घट्ट धरून ठेवल्याने स्नायूंवर येणारा ताण, सततची कंपने आणि थंडी अशी तीन कारणे त्यांनी नोंदवली.

कंपनांमुळे बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि चेतातंतू यांना इजा होते, हे आज सर्वमान्य आहे. आरंभी मुंग्या येतात, नंतर स्पर्श मंदावतो, गुंडी लावणे किंवा नाणे उचलणे अवघड होते. लवकर लक्ष दिल्यास विकार रोखता येतो. मात्र तो बळावल्यास हात पूर्ववत होण्याची आशा कमी असते. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्यासाठी हे नुकसान किती मोठे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने हॅमिल्टन यांना साहाय्यक प्राध्यापकपद दिले. तेथील अध्यापकवर्गातील त्या पहिल्या महिला होत. मात्र प्राध्यापकांच्या क्लबमध्ये प्रवेश नाही आणि पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत सहभाग नाही, अशा अटी त्यांच्यावर घालण्यात आल्या. १९३५ मध्ये त्या बढतीविनाच निवृत्त झाल्या. तत्पूर्वी राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीवर त्यांनी काम केले होते. २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीचा व्यापक कायदा झाला.

तथापि, १९७८ मध्ये संशोधक पुन्हा बेडफर्डला गेले, तेव्हा सुमारे ८० टक्के पाथरवटांमध्ये तोच विकार आढळला. विकाराचे कारण ज्ञात होऊन साठ वर्षे लोटली होती. परंतु हत्यारांत आणि कामाच्या पद्धतीत पुरेसा बदल झालेला नव्हता.

कंपनांपासून कामगारांचे संरक्षण करणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९७७ चा आहे. भारताने त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. ज्या रोगांची माहिती शासनाला कळवणे बंधनकारक आहे, अशा २९ रोगांची यादी १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. त्यात आवाजामुळे येणारा बहिरेपणा होता, कंपनांमुळे होणारा हातांचा विकार नव्हता. या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही संसदेने अशीच यादी ठेवली.

भारतासारख्या उष्ण प्रदेशात आणखी एक अडचण संभवते. बोटे पांढरी पडण्यास थंडी कारणीभूत ठरते. कावेरीच्या खोऱ्यातील उकाड्यात किंवा विदर्भातील रस्त्याच्या कामावर ही खूण दिसेलच असे नाही. बधिरपणा आणि मुंग्या मात्र जाणवू शकतात. त्यामुळे केवळ हात पाहून भागत नाही, कामगाराला विचारावे लागते.

ग्राइंडर, ब्रेकर किंवा दगड फोडण्याचे यंत्र वापरणाऱ्यांसाठी उपाय साधे आहेत. हत्यार सुस्थितीत आणि छिन्नी धारदार ठेवावी, पकड गरजेपुरतीच घट्ट असावी, मध्ये विश्रांती घ्यावी आणि काम आळीपाळीने वाटून घ्यावे. धूम्रपान टाळावे. केवळ हातमोज्यांवर विसंबून राहू नये. बोटांना मुंग्या येऊ लागताच डॉक्टरांना दाखवावे आणि आपण कोणते यंत्र रोज किती तास चालवतो, हेही आवर्जून सांगावे.