अहिल्याताई रांगणेकर : येरवड्यातून लोकसभेत

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना अटक झाली आणि पुण्यातील महाविद्यालयांचे वर्ग ओस पडले. प्रभातफेऱ्या, निदर्शने, लाठीमार, पकडापकडी हा त्या दिवसांतला नित्यक्रम होता. विद्यार्थिनींना संघटित करून रस्त्यावर आणणाऱ्यांमध्ये फर्ग्युसनमध्ये शिकणारी विशीतली एक तरुणी होती, अहिल्या रणदिवे. तिची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. तेथेही ती आणि तिच्या सोबतिणी स्वस्थ बसल्या नाहीत. नेसत्या लुगड्यांच्या कापडातून त्यांनी तिरंगा तयार केला, एकमेकींच्या खांद्यावर चढून मनोरा रचला आणि तुरुंगाच्या भिंतीवर तो झेंडा फडकावला.

या घटनेतील साहस सर्वांच्याच लक्षात राहते. परंतु खांद्यावर खांदा देऊन भिंत गाठण्यासाठी आधी या स्त्रियांनी एकमेकींवर विश्वास टाकलेला असावा लागतो. हा विश्वास निर्माण करण्याचे कसब हीच अहिल्याताईंची खरी मिळकत. पुढची पस्तीस वर्षे त्यांनी ती मुंबईच्या चाळींमध्ये खर्चली आणि मग त्या लोकसभेत पोचल्या.

त्यांचा जन्म ८ जुलै १९२२ चा, पुण्यातला. आठ भावंडांतील त्या धाकट्या. वडील त्र्यंबक रणदिवे सुधारणावादी विचारांचे. घरात मुलींच्या शिक्षणाला मोकळीक होती. थोरले बंधू भालचंद्र, म्हणजे पुढे अवघ्या देशाला बीटीआर म्हणून परिचित झालेले कम्युनिस्ट नेते, त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठे. साहजिकच त्या भावाच्या बोटाला धरून राजकारणात आल्या असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. दुसऱ्या महायुद्धाला लोकयुद्ध मानणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाने ‘चले जाव’ चळवळीपासून स्वतःला दूर ठेवले होते. भावाचा पक्ष चळवळीबाहेर आणि बहीण त्याच चळवळीपायी गजाआड, असा तो काळ होता. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, अहिल्याताई त्याच पक्षाच्या सभासद झाल्या. या निर्णयाची संगती लावताना चरित्रकाराची थोडी अडचण होते. ती लपवण्यात अर्थ नाही. मात्र १९४३ हे बंगालच्या भीषण दुष्काळाचे, धान्यटंचाईचे आणि रेशनच्या रांगांचे वर्ष होते, आणि गिरणगावातील बायकांच्या चुलीपर्यंत त्या वेळी जे कार्यकर्ते पोचत होते त्यांत कम्युनिस्ट आघाडीवर होते, एवढे निश्चित.

त्याच वर्षी परळ महिला संघाची उभारणी झाली. गिरणी कामगारांच्या बायका, स्वतः गिरणीत राबणाऱ्या स्त्रिया, खानावळवाल्या, अशा साऱ्यांची ही संघटना. विद्यार्थिदशेत सभा गाजवणे वेगळे आणि दहा बाय बाराच्या खोलीत, स्टोव्हच्या आवाजात, रात्रपाळीहून परतलेला नवरा झोपलेला असताना बाईशी हलक्या आवाजात बोलणे वेगळे. विद्यार्थी चळवळीतील बहुतेकांची वाटचाल या उंबरठ्यापाशी थबकते. अहिल्याताई तो ओलांडून आत गेल्या. १९४५ मध्ये कामगार पुढारी पी. बी. रांगणेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि परळ-दादरचा परिसर हेच त्यांचे घर आणि कार्यक्षेत्र झाले.

फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड पुकारले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले. परळमध्ये झालेल्या गोळीबारात महिला संघाच्या कमल दोंदे जागीच ठार झाल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. अहिल्याताई तेथेच होत्या, त्या वाचल्या. नाविकांच्या उठावाच्या इतिहासात कमल दोंदे यांना जेमतेम एखादी ओळ मिळते. परळच्या जुन्या कार्यकर्त्या मात्र त्यांना विसरल्या नाहीत.

स्वातंत्र्यानंतरही तुरुंगाने त्यांची पाठ सोडली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या अग्रभागी होत्या. १९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या आणि वर्षभरात चीन युद्धाच्या वेळी झालेल्या धरपकडीत पुन्हा गजाआड गेल्या. १९६४ मध्ये पक्ष फुटला तेव्हा त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिल्या. नगरसेविका म्हणून त्यांचे काम पाणी, शौचालये, रेशन, दवाखाने या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांभोवती फिरत राहिले. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या काही सहकाऱ्यांना ही कामे दुय्यम वाटत असतीलही. चाळीतल्या बाईला ती तशी कधीच वाटली नाहीत.

१९७२ चा दुष्काळ पडला, तेल, साखर, रवा, रॉकेल बाजारातून दिसेनासे झाले, आणि मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी आणि मार्क्सवादी अहिल्याताई एका व्यासपीठावर आल्या. या पक्षांतील पुरुष नेत्यांचे आपसांत किती पटत असे, हे जुन्या वाचकांना सांगायला नको! बायकांनी मात्र हातात लाटणी घेतली आणि रिकाम्या थाळ्या बडवत हजारोंचे मोर्चे काढले. ज्यांनी उभ्या आयुष्यात घोषणा दिली नव्हती अशा मध्यमवर्गीय गृहिणीही कामगार वस्तीतल्या बायकांच्या शेजारून चालल्या.

आणीबाणीत पुन्हा तुरुंगवास झाला. मग मार्च १९७७ ची निवडणूक आली. मुंबईच्या सहाही जागांवर काँग्रेसचा पराभव झाला आणि लाटणे मोर्चातील दोन स्त्रिया दिल्लीत पोचल्या : उत्तर मुंबईतून मृणालताई, उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्याताई. महाराष्ट्रातून मार्क्सवादी पक्षाचे त्या वेळी तिघे निवडून आले. अहिल्याताईंबरोबर डहाणूचे लहानू कोम आणि मराठवाड्यातील बीडचे गंगाधरअप्पा बुरांडे. ज्या निवडणुकीला लोकशाहीचा पुनर्जन्म म्हटले जाते, तिच्यातून आलेल्या सभागृहात स्त्रिया होत्या अवघ्या १९. लोकसभेच्या इतिहासातील हा नीचांक आहे.

ती लोकसभा अडीच वर्षांतच, ऑगस्ट १९७९ मध्ये विसर्जित झाली. १९८० मध्ये त्याच मतदारसंघातून प्रमिला दंडवते निवडून आल्या, म्हणजे जागा लाटणे मोर्चातच राहिली म्हणायची. उत्तर-मध्य मुंबईने पुढेही स्त्रियांना संसदेत धाडले : २००९ मध्ये प्रिया दत्त, २०१४ आणि २०१९ मध्ये पूनम महाजन, २०२४ मध्ये वर्षा गायकवाड. मतदारसंघाच्या सीमा दरम्यान बदलल्या, आणि या तिघींच्या कर्तृत्वाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिघीही खासदारांच्या कन्या आहेत. रणदिवे हे आडनाव अहिल्याताईंच्याही मागे होते, परंतु त्याने त्यांना उमेदवारीपेक्षा अटक वॉरंटेच अधिक मिळवून दिली. महाविद्यालयाच्या आवारातून निघून, कोणाच्या वारशाविना लोकसभेत पोचणाऱ्या मुलीची वाट आज रुंद झाली आहे की अरुंद, याचे उत्तर २०२३ मध्ये संमत झालेल्या महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीतही सहज सापडत नाही.

खासदारकी संपल्याचे त्यांनी फारसे मनावर घेतल्याचे दिसत नाही. १९८१ मध्ये अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, आणि १९८३ ते १९८६ या काळात त्या पक्षाच्या महाराष्ट्र राज्य सचिव होत्या. केरळ-बंगालसारख्या बालेकिल्ल्यांतही जे पद स्त्रीकडे आले नव्हते ते महाराष्ट्रात आले. पक्षाच्या केंद्रीय समितीत त्या २००५ पर्यंत राहिल्या. १९ एप्रिल २००९ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा पंधराव्या लोकसभेची निवडणूक चालू होती आणि मुंबईचे मतदान अकरा दिवसांवर आले होते.