अश्वविद्येचे उपासक विष्णुपंत छत्रे

सर्कस म्हटली की वाघ-सिंह आधी आठवतात. परंतु भारतीय सर्कशीचा पाया घोड्याच्या टापांवर रचला गेला, हे सुरतेतील आपल्या मराठी मुलांस ठाऊक असावे. विष्णुपंत मूळचे सांगलीकडील अंकलखोपचे. ग्वाल्हेरीस त्यांनी बाबासाहेब आपट्यांपाशी अश्वविद्या आणि हद्दूखाँपाशी गायन संपादिले. पुढे कुरुंदवाड संस्थानात असताना, १८७९ च्या सुमारास, मुंबईस आलेली चिआरिनीची इटालियन सर्कस पाहून त्यांनी स्वतःची सर्कस उभारली.

रिंगण अवघे ४२ फूट व्यासाचे. उघड्या पाठीवर स्वार उभा असता घोडा भरधाव सुटता कामा नये, दुडकीवरही उतरता कामा नये; मधली तीन ठोक्यांची धाव त्याने अखंड राखावयाची. कोवळा घोडा वळणावर आतला पाय पुढे टाकण्यास चुकतो, आणि तोल जातो तो स्वाराचा! म्हणून त्यास लांब दोरीने काव्यावर धरून दोन्ही अंगांनी महिनोन् महिने फिरवावे लागते. चाबूक असतो तो खुणेपुरता. ज्यांच्या कानी ताल मुरला होता, त्यांस या कामी गायनाचा उपयोग झालाच असेल, असे आम्हांस वाटते.

हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ पुढे विपन्नावस्थेत भटकत होते. विष्णुपंतांनी त्यांस सर्कशीबरोबर ठेवून सांभाळले, आणि त्यांच्या पश्चात काशिनाथपंत छत्र्यांनीही ते गुरुऋण फेडणे थांबविले नाही.