शरीराबाहेर पेशी जगवून कॅन्सरचा माग काढणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

डिलाईल रोड म्हणजे एकेकाळचं अस्सल गिरणगाव. चाळी, मिलचे भोंगे, शिफ्ट सुटल्यावर लोटणारी गर्दी आणि तळहातावर मळली जाणारी तंबाखू. इथून करी रोडचा पूल ओलांडून परळच्या दिशेने गेलं की टाटा मेमोरियल हॉस्पिटल येतं. 1941 साली सुरू झालेलं हे हॉस्पिटल कॅन्सरच्या पेशंटवर उपचार करत होतं. पण चांगली पेशी बिघडते कशामुळे, या प्रश्नाचं उत्तर वॉर्डात मिळणार नव्हतं. त्यासाठी प्रयोगशाळा हवी होती.

ती उभी करणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

माहेरच्या त्या कमल समर्थ. जन्म पुण्यातला, 8 नोव्हेंबर 1917 चा. शाळा हुजूरपागा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, असं त्यांना वाटायचं. मुलीने दोन्ही केलं नाही. तिने जीवशास्त्र निवडलं आणि 1939 साली गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं. एम.एस्सी.साठी विषय घेतला तो सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा.

पुढे मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यांना गुरू भेटले डॉ. वसंत रामजी खानोलकर, म्हणजे भारतातल्या पॅथॉलॉजीचे आद्य संशोधक. त्यांच्या हाताखाली 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. झाली आणि कमलताई अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत.

हे गाय म्हणजे तेच, ज्यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली माणसाच्या पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर अखंड वाढत राहिल्या. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या होत्या, आणि तिला न विचारता घेतलेल्या होत्या. ती त्याच वर्षी गेली. तिच्या 'हीला' पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत.

पेशी बाहेर वाढवण्याच्या या तंत्राला टिश्यू कल्चर म्हणतात. कमलताईंनी ते शिकून घेतलं आणि परत आल्या. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

यात एवढं विशेष काय?

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच सारखाच असतो. तरी यकृताची पेशी वेगळी, कातडीची वेगळी. चाळीच्या मीटर बोर्डावर सगळ्या खोल्यांची बटणं असावीत, पण दिवे मोजक्याच खोल्यांत लागावेत, तसं हे आहे. कोणतं जनुक कधी चालू आणि कधी बंद, यावर सगळं ठरतं. कॅन्सरमध्ये हीच शिस्त मोडते. वाढीची बटणं चालू होतात आणि बंद होत नाहीत.

ही बटणं कोण दाबतं? शरीरात एकाच वेळी हजार गोष्टी घडत असतात, म्हणून तिथे हे कळणं अवघड. मग पेशी बाहेर काढायची आणि एकेक कारण वेगळं करून तपासायचं.

कमलताईंनी उंदरांच्या वेगवेगळ्या जातींवर काम करून स्तनाच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते शोधलं. त्यांच्या गटाने हॅमस्टरच्या गालाच्या पिशवीवर सुपारी आणि तंबाखूचे प्रयोग केले, ते 1976 साली प्रसिद्ध झाले. गिरणगावातला माणूस दिवसभर जे गालात धरून ठेवायचा, त्याचीच ही तपासणी होती. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं.

विज्ञान पुढे आणखी एक पायरी उतरलं. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पेशीसुद्धा बाजूला काढली. हीला पेशी फोडायच्या, त्यांचा अर्क परीक्षानळीत घ्यायचा, त्यात डीएनए आणि कच्चा माल घालायचा आणि जनुक चालू होऊन आरएनए तयार होतो का ते बघायचं. मग अर्कातली प्रथिनं वेगळी करून बटण दाबणारं नेमकं कोण, ते शोधायचं. याला पेशीविरहित पद्धत म्हणतात. माणसाची जनुकं कशी चालू होतात हे रॉबर्ट रोडर यांच्यासारख्या संशोधकांनी याच वाटेने उलगडलं. कमलताईंनी हे काम केलं नाही. पण त्याआधीची पायरी, म्हणजे माणसाची पेशी बाहेर जगवण्याची विद्या, त्यांनी भारतात रुजवली. ही पायरी नसती, तर फोडायला पेशी आणायच्या कुठून?

1966 ते 1970 या काळात त्यांनी कॅन्सर रिसर्च सेंटरचं संचालकपद सांभाळलं. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी परत यावं, हा त्यांचा आग्रह असायचा, आणि तो त्यांनी आधी स्वतः पाळला होता. 1973 साली अकरा सहकाऱ्यांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. 1982 साली पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात उतरल्या.

2001 साली त्या गेल्या. 8 नोव्हेंबर 2021 ला गुगलने डूडल केलं आणि अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मायक्रोस्कोपजवळच्या त्या बाई कोण, असा प्रश्न तेव्हा तुम्हालाही पडला असेल, तर उत्तर हे असं परळमध्ये आहे.